ॲनिकडोट शिकवणाऱ्या मॅडमना थँक्यू

मॅडम नमस्कार,

इंटरव्ह्यू झाला, बरा झाला. रिझल्ट यायचाय अजून, पण तुमचे आभार मानायला रिझल्ट कशाला लागतो, म्हणून आजच लिहितेय आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही फी तर घेतली नाहीतच, वर दरवेळी चहा पाजलात.

तसं इंग्लिश माझं चालून जातं, गाडी अडायची ती ॲनिकडोट (anecdote), म्हणजे छोटा किस्सा, या शब्दावर. स्पेलिंग बघितलं की मराठी माणूस सरळ 'अनेकडोट' वाचतो, त्यात आम्हा नर्सेसच्या तोंडात अँटिडोट, म्हणजे विषावरचा उतारा, पक्कं बसलेलं, फवारणीचं औषध पोटात गेलेला पेशंट आला की ॲट्रोपिन काढा, मग जीभ तिकडेच वळणार ना! तुम्ही म्हणालात, 'अनेक' विसर, ॲ-निक-डोट म्हण, जोर पहिल्या ॲ वर, क नीट ऐकू आला पाहिजे, शेवटचा ई गप्प. आणि ॲनिकडोटल म्हणताना तोच जोर 'डो' वर जातो हे तर मला कॉलेजात पण कोणी सांगितलं नव्हतं.

मग तुमची ती ग्रीकची गंमत. दोन्हीतलं डोट म्हणजे 'दिलेलं', आपल्या दत्तचंच भावंड. अँटिडोट विषाविरुद्ध दिलेलं, आणि ॲनिकडोट बाहेर न दिलेलं, म्हणजे न छापलेलं. तो प्रोकोपिअस, 6व्या शतकातला इतिहासकार, बाकी लिखाणात सम्राट जस्टिनिअनचं कौतुक करणारा आणि गुपचूप दरबारातल्या भानगडी लिहून ठेवणारा (बेरकीच माणूस), ते पुस्तक छापलं गेलं थेट 1623 साली आणि त्याचंच नाव ॲनेकडोटा. त्यानंतर अँटिडोटशी गल्लत झालीच नाही.

पण सगळ्यात कामाला आलं ते वेगळंच. पेशंट दगावल्याची गोष्ट सांगताना ॲनिकडोट म्हणू नकोस, हलकं वाटतं, तिथे इन्सिडंट म्हण, ॲनिकडोट म्हणजे खरा घडलेला छोटा किस्सा, ऐकणाऱ्याला जरा हसू यावं असा. म्हणून मी भाकरीवाल्या आजोबांचं सांगितलं, नाइट ड्यूटीला 'आधी तू चार घास खा, मगच मी गोळी घेणार' म्हणून अडून बसलेले, आणि पॅनेलवरची बाई चक्क हसली हो!

तुमची व्हॉइस नोट मी बॅचच्या सगळ्या पोरींना फॉरवर्ड केलीये, न विचारता. आता त्या तुमच्याकडे येणार, चहाची पावडर जास्तीची आणून ठेवा.