कोयत्यावरून परतणाऱ्या लेकरांसाठी

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्या गावातली माणसं आणि लेकरं एकमेकांशी कशी वागतात, हे आपल्या कानावर घालावं म्हणून हे पत्र. एक मागणंही आहे, ते शेवटी मांडते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गावची विहीर तळाला गेली. टँकर यायचा, पण कधी येईल त्याचा नेम नव्हता. गावात एकाच शेतकऱ्याच्या बोअरला पाणी टिकून होतं आणि त्यावर त्यांची मोसंबीची बाग उभी होती. त्यांनी बागेचं पाणी तोडलं आणि पाइप वेशीपर्यंत आणला. रोज सकाळी स्वतः उभं राहून आधी म्हाताऱ्या बायांच्या घागरी भरून द्यायचे. जूनपर्यंत बाग वाळून गेली. कुणी हळहळलं तर म्हणायचे, "झाडं परत लावता येतील." ऊसतोडीला गेलेल्या घरांची गुरं शेजाऱ्यांनी चारा छावणीत नेऊन सांभाळली, आणि त्याचा हिशेब कुणी कुणाकडे मागितला नाही. हे सगळं माझ्या वर्गातली लेकरं बघत होती, घागरी उचलू लागत होती.

साहेब, दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, थांबता येत नाही. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत ती लेकरं मागे राहतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि तिचा मोठा आधार आहे. बाकीची आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात आणि थेट परीक्षेच्या तोंडावर वर्गात बसतात.

अशीच एक पाचवीतली मुलगी परत आली. उसाच्या पाचटाने हात चरचर कापलेले, गणवेश आखूड झालेला. मागच्या बाकावरच्या मुलांनी तिला "ए कोयता" म्हणायला सुरुवात केली. मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट घेऊन ती एकटीच भिंतीकडे तोंड करून जेवायची. चौथ्या दिवशी ती शाळेत आलीच नाही. मला हे उशिरा कळलं, त्याची खंत आजही आहे.

तिला परत आणलं ते सातवीच्या मुलींनी. तिघी तिच्या आजीकडे गेल्या, तिला घेऊन आल्या आणि त्या दिवसापासून तिच्या शेजारी जेवायला बसू लागल्या. चिडवणाऱ्या मुलांना त्यांनी मारलं नाही की माझ्याकडे आणलं नाही. एवढंच विचारलं, "तुझी आई कुठंय रे सध्या?" त्यांच्यातल्या दोघांची आईसुद्धा फडावरच होती.

पुढच्या वर्षी या मुलांनी आपणहून एक गोष्ट केली. फडावर गेलेल्या प्रत्येक लेकरासाठी एक वही ठेवली आणि शिकवलेलं रोज आळीपाळीने तीत उतरवलं. पट्टा पडून ती मुलगी आली तेव्हा तिच्या बाकावर तिच्या नावाची वही होती. पहिल्या पानावर एकाचं अक्षर, पुढच्या पानावर दुसऱ्याचं, मध्येच शाईचा डाग. एक धडा तर तिला कोयता म्हणणाऱ्या मुलाने लिहिलेला होता. तिने ती वही छातीशी धरली आणि दिवसभर खाली ठेवली नाही.

आता मागणं. २०२४ पासून पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार, म्हणजे उपक्रमांतून शिकायचा दिवस, आहे. ज्या गावांतून ऊसतोडीला माणसं जातात, तिथल्या शाळांना मार्च-एप्रिलमधले शनिवार परतलेल्या लेकरांसाठी मोकळे द्या. वर्गाने त्यांच्याबरोबर बसावं, राहिलेलं शिकवावं, फडावरचं त्यांच्याकडून ऐकावं. त्यासाठी वेगळा अहवाल, फोटो, लिंक काही मागू नका. तो वेळ लेकरांचा राहू द्या. आणि हंगामी वसतिगृहांचा निधी दिवाळीआधी शाळेच्या हातात पडेल असं बघा, कारण ट्रॅक्टर गावातून निघतो त्या रात्रीच लेकराला मागे ठेवायचं की बरोबर न्यायचं, ते ठरतं.

एप्रिलमध्ये आमच्याकडे या, साहेब. वह्या दाखवते.

आपली नम्र,
एक शिक्षिका, बीड जिल्हा