आजी-आजोबांसाठी सोसायटीचं ऑफिस उघडा

संपादक महोदय,

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत धावपळ सुरू होते, खरंतर जीवन प्रमाण म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला 2014 पासून आहे आणि आता घरबसल्या मोबाईलवर चेहरा दाखवूनही काम होतं, पण नौपाड्यातल्या कितीतरी आजी-आजोबांना हे कोणी शेजारी बसून दाखवलेलंच नाही. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, फोनवरून सांगून कसं जमणार? सोसायट्यांनी रविवारी तासभर ऑफिस उघडावं, कॉलेजच्या पोरांनी शिकवावं, पण बटणं त्यांनाच दाबू द्या, हातातून फोन काढून घेऊ नका प्लीज. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, फसवणूक झाली तर लगेच 1930 ला फोन करायचा, एवढं तरी लिफ्टपाशी मोठ्या अक्षरात लावा.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे