ज्वारीच्या माहेरी जाताना

सोलापूर,
रविवार, रात्री उशिरा

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी बॅग दाराशी ठेवली आहे आणि तू आत झोपली आहेस. सकाळी गडबडीत बोलणं व्हायचं नाही, म्हणून हे पत्र शेंगाचटणीच्या डब्याखाली ठेवतेय.

तू युगांडात पाण्याच्या कामाला चाललीस म्हणून आठ दिवस मी तुझ्याशी नीट बोलले नाही. पगार नाही, नुसता राहण्याखाण्याचा भत्ता, आणि तोही चौदा महिने, एवढंच डोक्यात बसलं होतं. "इथली पाण्याची कामं संपली का?" असंही म्हणाले. प्रश्न खोटा नव्हता, पण विचारला होता तुला अडवायला. तुला ते कळलं, तरी तू उलटून बोलली नाहीस.

मग परवा तू बिडीबिडीचा नकाशा दाखवलास. दक्षिण सुदानातल्या लढाईतून जीव घेऊन युगांडात आलेली माणसं, २०१६ साली माळावर वसवलेली वस्ती, आज दोन लाखांच्या आसपास लोक. त्यांना तारेच्या कुंपणात न कोंडता घरापुरता आणि थोडं पिकवण्यापुरता जमिनीचा तुकडा देतात, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि तुझ्या त्या तक्त्यातली ओळ: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. पिणं, रांधणं, अंघोळ, सगळं त्यात. तू पुढे बोलत होतीस, पण माझं लक्ष आपल्या पितळी हंड्याकडे गेलं. १५ लिटर म्हणजे जवळपास तो एक हंडा.

मंगळवेढ्याकडच्या माझ्या माहेरी टँकर यायचा तो विहिरीत रिकामा व्हायचा. पाणी खाली आदळायचं, गढूळ व्हायचं, आणि ते निवळायच्या आत आम्ही पोरी पोहरे सोडायचो. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीचा तो उग्र वास अजून नाकात आहे. माझी आई पहिला हंडा कुणाला प्यायला द्यायची नाही, भांड्यांना घ्यायची. तू तिथे बोअर, पंप आणि क्लोरीन बघणार आहेस म्हणालीस. रांगेतल्या बायकांना विचार, कुठलं पाणी कशाला वापरता. त्या सांगतील ते तक्त्यात नसेल.

आणखी एक गोष्ट वाचली, तेव्हापासून मन जरा निवांत आहे. आपली मालदांडी ज्या ज्वारीच्या कुळातली, तिचं मूळ सुदानाकडचं. दक्षिण सुदानातल्या बायका ज्वारीचं पीठ आंबवून पातळ घावनासारखी किस्रा करतात. म्हणजे तू ज्वारीच्या माहेरी चाललीस. भाकरी थापून दाखव त्यांना, थापायला तुला चांगली येते.

आता जे सांगायला बसले ते सांगते. तुझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत आजी दवाखान्यात होती, आणि चार दिवस आम्ही "आजी झोपलीय" म्हणून फोन ठेवत होतो. तुझा अभ्यास बिघडू नये म्हणून. तू पोचलीस तेव्हा अंगणात अंघोळीचं पाणी तापत होतं. तू त्या पातेल्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. एक शब्द बोलली नाहीस. ते मला आजही टोचतं, आणि माफी मी कधी मागितली नाही. आज मागते.

तू शाळेत असताना भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं घर बघायला नेलं होतं, आठवतं? १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला पाच डॉक्टर चीनला गेले, त्यातले आपले सोलापूरचे परतलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, अवघे बत्तीस वर्षांचे. लोक त्यांचं कार्य सांगतात, मला मात्र घरच्यांचीच आठवण येते. वडील वारल्याचं त्यांना चीनमध्ये असतानाच समजलं होतं, तरी ते पुढे गेले. पण त्यांना समजलं होतं गं. यायचं की थांबायचं, ते त्यांनी ठरवलं.

म्हणून शब्द देते. बाबांचं बीपी असो नाहीतर माझे गुडघे, इथलं काही लपवणार नाही. यायचं की नाही ते तू ठरव, तुझं जे ठरेल त्यावर मी रुसणार नाही. तूही लपवू नकोस. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपास, मलेरियाला उद्यावर ढकलू नकोस, आणि मला कळव. काम जमलं नाही, कुणी त्रास दिला, परत यावंसं वाटलं, तरी कळव. अर्ध्यातून आलीस तर या घरात कुणी "का आलीस" विचारणार नाही. बाबांशीही बोलले आहे.

पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेव. युगांडात एन्टेबेच्या विमानतळावर दाखवावं लागेल, आणि परतताना आपल्या विमानतळावरही. रविवारी आपल्या साडेनऊला फोन कर, तिथे सात वाजलेले असतील.

चटणी महिनाभर पुरेल. मग तिथल्याच शेंगदाण्यांची कर, तिकडे भरपूर पिकतात म्हणे. लसूण हात राखून घालू नकोस, आणि मिक्सरच्या नादी लागू नकोस. कुणाचं तरी उखळ माग आणि तेल सुटेपर्यंत कुट.

तुझी,
आई