चित्राखालच्या एका ओळीबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

परवा पेढे घेऊन आले तेव्हा आपल्या अक्षरजुळणीच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. आपण पुडा बाजूला ठेवून नुसती मान हलवलीत आणि बोलायचे ते राहून गेले. म्हणून हे सर्वांदेखत लिहिते आहे.

गिरणगावातील चाळींवरच्या माझ्या प्रबंधात, १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या नकाशांपासून १९८२ च्या संपाच्या छायाचित्रांपर्यंत एकतीस चित्रे होती आणि जवळपास प्रत्येकाखाली संदर्भ होता. संदर्भांचे क्रमांक मजकुरात येतील त्या ओळीने पडायला हवे होते. पण चित्रसूची पहिल्या प्रकरणाच्या आधी छापली जाते आणि लाटेक, म्हणजे मी प्रबंधाची पाने जुळवायला वापरलेली संगणक-प्रणाली, चित्राखालची ओळ संदर्भासकट तिथे उतरवते, त्यामुळे सुरुवातीचे सगळे आकडे सूचीनेच खाल्ले आणि प्रस्तावनेतला पहिला संदर्भ थेट सत्ताविसावा निघाला.

हे निस्तरायचे काम आधी ज्यांच्याकडे दिले होते, त्या गृहस्थांनी आगाऊ पैसे घेऊन दोन महिन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे चित्रांखालचे संदर्भच पुसून टाकणे. "चित्राखालचं वाचतंय कोण?" असे वर मलाच विचारले! दुसऱ्याचा नकाशा आपला म्हणून छापणे ही चोरीच, हे त्यांच्या गावीही नव्हते.

आपण प्रत्येक चित्राच्या लाटेकमधल्या आज्ञेत चौकोनी कंसात सूचीपुरती छोटी ओळ आणि महिरपी कंसात संदर्भासह पूर्ण ओळ लिहून तासाभरात सगळे क्रमांक मार्गी लावलेत. तेवढ्यावर काम संपले होते, तरी आपण सगळी पाने छापून घेतलीत आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुन्या जुळाऱ्याच्या सवयीने एकेका चित्राखाली शिसपेन्सिलीची खूण करत गेलात. एकोणिसाव्या चित्राशी पेन्सिल थांबली. लालबागच्या एका आजींनी पत्र्याच्या ट्रंकेतून काढून दिलेला तो फोटो. त्याखाली मी 'खासगी संग्रह' एवढेच लिहिले होते. चष्मा कपाळावर चढवून आपण विचारलेत, "यांना नाव नाही का?"

मला उत्तर सुचले नाही. ग्रंथालयांची नावे मी पूर्णविरामासकट तपासली होती आणि जिने घरात बसवून फोटो हातात दिला, तिचे नाव लिहायचे सुचलेही नव्हते. चाळीत शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, हे प्रबंधात लिहिणारी मीच. तिथूनच आजींना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "माहेरचं लिहितेस की सासरचं?" त्यांचा निर्णय होईपर्यंत शटर अर्धे ओढून आपण थांबलात आणि मग दोन्ही नावे अक्षर अन् अक्षर मोठ्याने वाचून टंकलीत.

बिलात त्या संध्याकाळचा एक रुपयाही लावलेला नाही, हे मी घरी आल्यावर पाहिले.

रविवारी प्रत दाखवायला लालबागला जाणार आहे. "पेन्सिलवाल्यांनाही घेऊन ये," असा आजींचा निरोप आहे. दुकान बंदच असते. तेव्हा कृपया यावे.

आपली कृतज्ञ,
एकोणिसाव्या चित्रवाली