निळा रंग परत आलाय, ताई

प्रिय ताई,

प्रदर्शन उतरवलं त्या दिवशी आवराआवरीत तुमच्याशी धड दोन शब्दही बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर. आमचं प्रदर्शन मांडताना तुम्ही काय मदत केलीत ते आमच्या गटाबाहेरही कळायला हवं.

आमच्यात नावाजलेलं कुणी नव्हतं. माळीकाम करणारे, शिक्षिका, निवृत्त कारकून आणि बरीचशी शाळकरी मुलं. भोवतालची झाडं आणि बदलतं हवामान एवढाच विषय. मुलांनी पानांचे सायनोटाइप केले होते: रसायन लावलेल्या कागदावर पान ठेवायचं, उन्हात धरायचं, पाण्यात धुवायचं, की निळ्यावर पांढरं पान उमटतं. 1842 मध्ये शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ही रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पती अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी याच रीतीने शेवाळांची चित्रं छापायला घेतली, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मुलांची मान जराशी ताठ झालेली मी पाहिली.

खरी मदत सुरू झाली ती तुम्ही आमचे माउंट, म्हणजे चित्रांमागचे पुठ्ठे, बघितलेत तेव्हा. चांगले म्हणून आम्ही आम्लरोधक पुठ्ठे आणले होते. तुम्ही त्यावरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, 'यात आम्ल मारायला अल्कली घातलेली असते, सायनोटाइपला ती चालत नाही, निळा उडेल.' रात्री साडेनऊपर्यंत बसून तुम्ही आमच्यासोबत सगळे माउंट बदललेत. कागदाला आणि कापडाला 50 लक्सपेक्षा जास्त उजेड नको, म्हणून अर्धे दिवे काढायला लावलेत. हॉल अंधारा वाटेल अशी मला धास्ती होती. उलट लोक चित्राजवळ जाऊन उभे राहायला लागले.

आणि ते पट्ट्यांचं कापड! हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांच्या 2018 च्या तापमानपट्ट्यांवरून आमच्या आज्यांनी जुन्या कपड्यांचे तुकडे जोडले होते. एक पट्टी म्हणजे एक वर्ष, गार वर्षं निळी, तापलेली लाल. आम्ही ते खिळ्यांवर ठोकणार होतो. तुम्ही हात धरून थांबवलंत, वरच्या काठाला मागून पट्टी शिवून घेतलीत आणि त्यात दांडी घातलीत. सगळा भार टाक्यांवर सारखा पडला. शिवणाऱ्या प्रत्येकीचं नाव पाटीवर हवंच, हाही तुमचाच हट्ट. एक आजी ती पाटी दोनदा वाचून मग खुर्चीत बसल्या.

पोरांच्या आणि आज्यांच्या कामाला तुम्ही संग्रहालयातल्या वस्तूसारखं हाताळलंत. त्याबद्दल मनापासून आभार, ताई. आमच्यापैकी कुणालाही हे सुचलं नसतं.

आता एक कबुली. फर्नचा एक प्रिंट आम्ही तुमचं न ऐकता खिडकीशी लावला होता. उतरवला तेव्हा तो पार फिका पडला होता आणि ज्या मुलीचा होता तिचा चेहरा बघवत नव्हता. तुम्ही तिला सांगितलंत, 'काळोख्या कपाटात ठेव, बराचसा परत येईल.' ती रोज येऊन कपाट किलकिलं करते, पटकन बघते, लगेच बंद करते. काल तिने मला हाक मारली. खालच्या कोपऱ्यातला निळा पुन्हा गडद झालाय. वरचा अजून यायचाय. सवड झाली की बघायला या.

तुमची,
प्रदर्शन गटातली एक जण