त्या शिरस्तेदारांना, ज्यांचं नाव विचारायचं राहून गेलं

शिरस्तेदार साहेब, सप्रेम नमस्कार.

१९९६ साली जिल्हा न्यायालयात एका स्वीडिश जोडप्याचा पालकत्वाचा अर्ज लागला होता. पाच वर्षांच्या मुलीला घेऊन संस्थेतर्फे जी बाई आली होती, ती मी. तुम्हाला आठवायचं काही कारण नाही. पण ती मुलगी मागच्या आठवड्यात येऊन गेली आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही.

तेव्हा परदेशी जोडप्याला इथे सरळ दत्तक घेता येत नसे. १८९० च्या कायद्याखाली पालकत्व मिळवायचं, मूल घेऊन जायचं आणि दत्तकाचं काय ते त्यांच्या देशात. लोकांना संशय यायचा, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. अशा व्यवहारांतल्या गैरप्रकारांवर लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं, त्यावरूनच १९८४ साली न्यायमूर्ती भगवतींनी नियम घालून दिले. चौकशी व्हायलाच हवी होती. पण ती कागदांची, पोरीची नव्हे.

तुमच्याकडे येण्याआधी एका कचेरीत आम्ही चार खेपा घातल्या. 'पाहुण्यांना काय कळतंय' म्हणून तिथे सगळे खुशाल मराठीत बोलायचे. "कुठं टाकली होती हिला?" "मुलगी म्हणूनच टाकली असणार." "गोरे काय फुकट पोसतात होय? किडनी काढून घेतात म्हणे." ते जोडपं बिचारं हसून मान डोलवायचं. रात्री पोरीने विचारलं, "ताई, किडनी कुठं असते?" मला दुसरं काही सुचलं नाही, मी तिचा हात तिच्याच पाठीवर नेऊन दाखवली. त्या रात्री ती पाठ भिंतीला लावून झोपली. पुढच्याही रात्री तशीच. त्या कचेरीतल्या साहेबांना हे कधी कळलं नसेल. कळलं असतं तरी चहा गोड लागलाच असता म्हणा.

आणि मग तुम्ही. अशी सुनावणी बंद दाराआड व्हायची, नियमच होता. पण व्हरांड्याला कुठलं दार? तिथे पुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या कुण्या वकिलाने सवयीने विचारलंच, "ही टाकलेली का?" तुम्ही काखेत फायलींचा गठ्ठा घेऊन चालला होतात. थांबलात, आवाज न चढवता म्हणालात, "वकीलसाहेब, जपून. पोरीला मराठी कळतं."

इतक्या महिन्यांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खरं सांगते, माझ्याही नाही. मीसुद्धा तिच्यासमोर तिची केस सांगतच होते की.

मग तुम्ही तिला आत नेलंत. टेबल उंच पडत होतं म्हणून खुर्चीवर दोन गठ्ठे ठेवून त्यावर बसवलंत आणि नाव विचारलंत. तिने सांगितलं. आडनाव तुम्ही विचारलं नाहीत.

तुमच्यामुळे काम लवकर झालं असंही नाही, त्या दिवशी पुढची तारीखच पडली. पण परतताना एसटीत ती माझ्या मांडीवर झोपली, चक्क पालथी. संस्थेत देणग्या देणारे, मुलांबरोबर फोटो काढून घेणारे पुष्कळ येऊन गेले. ती सगळी चांगलीच माणसं. तरी चांगुलपणा म्हटलं की मला ते दोन गठ्ठे आठवतात.

परवा ती फाइल बघायला आली तेव्हा दुभाषी बरोबर होता. मराठी सगळं पुसलं गेलंय. तिने विचारलं, "कोर्टात माझ्याबद्दल काय बोलले होते?" हा प्रश्न आला तर काय सांगायचं, याची धास्ती मला किती वर्षं होती! पण मी तुमचं वाक्य सांगितलं. तिने ते पुन्हा म्हणायला लावलं, मग स्वतः म्हणून पाहिलं. चार-पाचदा. 'कळतं'मधला ळ काही तिला जमला नाही.

आपली,
त्या दिवशी आभार मानायला विसरलेली
ताई