माझ्या नावाचा कागद आधी मला दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिवाजी उद्यमनगरात गेली 22 वर्षं मी सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतो. परदेशातून सुटे भाग मागवणाऱ्या माझ्यासारख्या लहान माणसाची कुठे अडवणूक होते, ते आपल्या दैनिकातून मांडावं म्हणून हे पत्र.

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमधल्या जुन्या लेथचं कंट्रोल कार्ड जळालं. दुरुस्त होण्यापलीकडे गेलं होतं. ते मॉडेल कंपनीने बंद केलेलं, मुंबई-पुण्यात चौकशी केली तर कुठेच नाही. शेवटी जर्मनीतल्या एका विक्रेत्याकडे एक नग मिळाला. कार्डाचे 16,000 आणि भाडं-विम्याचे 4,000, असे 20,000 रुपये भरले. पाच दिवसांत माल मुंबईत उतरला आणि तिथेच थांबला. कुरिअर कंपनीचा मेसेज आला : ड्युटी 6,196 रुपये, शिवाय कंपनीचा हाताळणी आकार; वेळेत न भरल्यास डेमरेज (माल पडून राहिल्याचा आकार). रक्कम कोणत्या दराने काढली, दर ठरवणारा मालाच्या वर्गाचा कोणता कोड लावला, काहीच नाही. फोन केला तर, "सर, आमच्या सिस्टिमला एवढंच दिसतंय." इकडे मशिनवाल्यांचा दिवसातून तीनदा फोन, "मिस्त्री, कार्ड आलं का? दोन शिफ्ट बसून हायत." पैसे भरण्यावाचून इलाज नव्हता.

बिल ऑफ एंट्री (माल सोडवताना कस्टम्सकडे भरलेला आयातीचा कागद) हातात पडलं ते नंतर आठ दिवसांनी, तीन वेळा मागितल्यावर. वर्णनाच्या रकान्यात नुसतं 'इलेक्ट्रॉनिक वस्तू' आणि जीएसटी क्रमांकाचा रकाना कोरा. माझा क्रमांक मी माल निघायच्या आधीच ईमेलने कळवला होता.

हिशेब मी आणि आमच्या कर सल्लागारांनी मिळून लावला. कस्टम ड्युटी फक्त मालाच्या किमतीवर लागते असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही, ती भाडं आणि विमा धरून लागते. म्हणजे 20,000 वर मूळ सीमाशुल्क 10 टक्के, 2,000 रुपये. त्या शुल्काच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार, 200 रुपये. आता झाले 22,200 आणि या सगळ्यावर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), 3,996 रुपये. बेरीज 6,196. आकडा बरोबर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण यातले 3,996 रुपये नोंदणीकृत व्यावसायिकाला क्रेडिट म्हणून, म्हणजे पुढच्या जीएसटीत वळते होऊन, परत मिळतात, मूळ शुल्क आणि अधिभार मिळत नाही. माझा क्रमांकच लिहिला नाही म्हटल्यावर ते क्रेडिट अडकलं. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 149 खाली कागद दुरुस्त करून मागता येतो, पण त्यासाठी मुंबईशी पत्रव्यवहार करायचा, नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर जायचं, दिवसभर खेटे घालायचे आणि परत यायचं. तेवढ्यात दुकानाचे दोन दिवस बुडतात.

मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. 2011 पासून कायद्यात स्वयंमूल्यांकन आहे. मालाचं वर्णन, कोड, किंमत आणि दर आयातदाराने स्वतः जाहीर करायचे असतात. कुरिअरने आलेल्या मालाचा हा कागद कंपनी आपल्या वतीने भरते. म्हणजे घोषणा माझी, जबाबदारी माझी, चुकीचा कोड पडला तर भुर्दंडही मला. आणि तो कागद पैसे भरून झाल्यावरसुद्धा मला मागून घ्यावा लागतो! उद्या अधिकाऱ्याने वेगळा कोड लावून शुल्क वाढवलं आणि मला ते मान्य नसलं, तर 15 दिवसांत कारणांसह लेखी आदेश मिळण्याचा मला हक्क आहे, त्यावर 60 दिवसांत अपीलही करता येतं. पण मुळात काय जाहीर केलं हेच ठाऊक नसेल, तर माणूस हा हक्क बजावणार कसा?

शुल्क लावू नये असं माझं म्हणणं नाही. इथल्या फौंड्र्या आणि पंप-इंजिनवाले बाहेरच्या मालाशी कसे झगडतात ते मी रोज पाहतो. दर वस्तूगणिक वेगळे असतात हेही मान्य. लॅपटॉपवर मूळ शुल्क शून्य आहे, फक्त आयजीएसटी लागतो. मोबाइलवरचं मूळ शुल्क जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 15 टक्क्यांवर आलं. मात्र लोकांना हे कोणी सांगत नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना अमेरिकेतल्या मुलाने डब्यावर 'गिफ्ट' लिहून टॅब पाठवला, त्यांना वाटलं भेट आहे म्हणजे सुटेल. डिसेंबर 2019 पासून टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून माल सोडवून घ्यायला बंदी आहे. सवलत फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांना. काकूंनी महिनाभर वाट पाहिली.

माझी मागणी साधी आहे. पैसे मागण्याआधी बिल ऑफ एंट्रीचा मसुदा ग्राहकाच्या मोबाइलवर यावा, मराठीत. वर्णन, कोड, धरलेली किंमत, प्रत्येक कराची वेगळी रक्कम आणि जीएसटी क्रमांक एवढं त्यात असावं. चूक दाखवायला एक दिवस मिळावा आणि त्या दिवसाचं डेमरेज लावू नये. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने कुरिअर कंपन्यांना हे बंधनकारक करावं. आमच्या खासदारांनी हा विषय दिल्लीत न्यावा आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशननेही तो हाती घ्यावा. उद्यमनगरात, गोकुळ शिरगावला, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांत असे पाच-दहा हजारांचे भाग मागवणारे पुष्कळ आहेत. एकेकट्याची रक्कम लहान, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

पुढच्या आठवड्यात माझं आणखी एक कार्ड येतंय. या वेळी विक्रेत्याला इन्व्हॉइसवरच मालाचं पूर्ण वर्णन, कोड आणि माझा जीएसटी क्रमांक ठळक छापायला सांगितलंय. कुरिअर कंपनीला तीच प्रत ईमेलने आणि छापील अशी दोन्ही पाठवली आहे. अजून पोच आलेली नाही.

आपला,
एक लघुउद्योजक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर